तीन हजार तासांची समाजसेवा

आपल्याकडे समाजसेवक व्हायला वाढदिवस पुरतो. वाढदिवसाचा फ्लेक्स, फ्लेक्सवर हात जोडलेला फोटो, नावाआधी ‘समाजसेवक’, आणि खाली शुभेच्छुकांची मांदियाळी. अमेरिकेत मात्र पेशा म्हणून लोकांचं भलं करायचं तर त्याचं लायसन्स काढावं लागतं, आणि तेही देशाचं नाही, राज्याचं. राज्य बदललं की भलं करण्याचे नियम बदलतात.

सुरुवात एमएसडब्ल्यूपासून, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीपासून. पदवी सीएसडब्ल्यूई या समाजकार्य-शिक्षणाच्या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची हवी. मान्यता ‘अभ्यासक्रमाला’ असते, विद्यापीठाला नव्हे, आणि पहिली मेख इथेच आहे. विद्यापीठ शंभर वर्षांचं, इमारत वेलींनी झाकलेली, पण त्यांचा नवाकोरा एमएसडब्ल्यू यादीत नसेल तर लायसन्सच्या दारात ती वेल कामाची नाही. यादी प्रवेशाआधी बघावी. फी भरल्यानंतर बघणारे फार हळवे होतात. दोन वर्षांत किमान 900 तासांचं फील्डवर्क असतं. त्याआधीची पदवी, बीएसडब्ल्यू, झालेली असेल (त्यात 400 तास), तर बऱ्याच ठिकाणी एमएसडब्ल्यूचं एक वर्ष वाचतं. भारतातून एमएसडब्ल्यू करून आलेल्यांची पदवी सीएसडब्ल्यूईच तपासते. तेव्हा फील्डवर्क कुठे आणि किती तास केलं याचं कॉलेजचं पत्र निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावं. निवृत्त झालेल्या विभागप्रमुखांना सातासमुद्रापलीकडून शोधणं हा स्वतंत्र समाजकार्याचा विषय आहे.

मग येते लायसन्सच्या नावांची, म्हणजे अक्षरांची भेळ. एलसीएसडब्ल्यू, एलआयसीएसडब्ल्यू, एलआयएसडब्ल्यू. कॅन्ससमध्ये तर एलएससीएसडब्ल्यू, जे एका श्वासात म्हणता आलं तर अर्धी परीक्षा पास समजावी. काम साधारण एकच: स्वतंत्रपणे निदान आणि समुपदेशन करण्याची परवानगी. खरा घोळ एकाच अक्षरांचे दोन अर्थ निघतात तेव्हा होतो. न्यूयॉर्कमध्ये एलएमएसडब्ल्यू ही एमएसडब्ल्यूनंतरची पहिली पायरी. मिशिगनमध्ये त्याच एलएमएसडब्ल्यूसाठी पदवीनंतर 4000 तास देखरेखीखाली घालवावे लागतात. नोकरीची जाहिरात वाचताना म्हणून आधी राज्य वाचावं, मग अक्षरं, मग पगार. पगार शेवटी वाचलेला मनालाही बरा.

आता तास. उदाहरणाला कॅलिफोर्निया घेऊ, कारण तिथली तास नोंदवायची वही चांगलीच जाड. पदवीनंतर आधी ‘असोसिएट’, म्हणजे लायसन्सचा उमेदवार, म्हणून नोंदणी करायची. नोंदणीशिवाय केलेली सेवा ही निव्वळ सेवा. ती मोजत नाहीत. पदवी मिळाल्यापासून 90 दिवसांत अर्ज केला तर मधले तास अटींसह धरले जाऊ शकतात. 91व्या दिवशी ती मुभा संपते. एकूण 3000 तास. त्यातले किमान 2000 क्लिनिकल, म्हणजे निदान-उपचाराचे, आणि त्या 2000 मधले 750 प्रत्यक्ष समोर बसून केलेल्या थेरपीचे. आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त मोजत नाहीत. हिशेबी माणूस लगेच भागाकार करतो: 3000 भागिले 40, म्हणजे 75 आठवडे. पण सुपरव्हिजन, म्हणजे लायसन्सवाल्याची देखरेख, 104 आठवड्यांचं हवं असतं. म्हणजे तास पिकले तरी आठवडे कच्चे. आणि रमतगमत केलं तर उलटी गोष्ट: सहा वर्षांहून जुने तास गळून पडतात. लवकर संपवता येत नाही आणि उशीरही चालत नाही; लग्नाच्या मुहूर्तालासुद्धा याहून सैल पट्टी लावतात.

दर आठवड्याला सुपरव्हायझरबरोबर एक तास एकट्याने किंवा दोन तास गटात बसायचं. त्या आठवड्यात बसणं झालं नाही, तर तुम्ही कितीही लोकांचे संसार सावरलेले असोत, आठवडा हातचा गेला. सुपरव्हायझर रजेवर जाणार असेल तर बदली माणूस आधी ठरवावा लागतो. नोकरी घेताना मी तर पगाराआधी हेच विचारायला सांगेन: सुपरव्हिजन कोण देणार, त्याचं लायसन्स चालू आहे का, पर्यवेक्षणासाठी राज्याच्या अटी तो पुऱ्या करतो का? लायसन्स लटकलेल्या माणसाने दिलेलं मार्गदर्शन कितीही थोर असलं तरी वहीत शून्यच.

सगळ्यात दुर्मीळ वस्तू मात्र सही. साप्ताहिक नोंदीवर सही त्या त्या आठवड्यातच घ्यावी. ‘महिनाअखेरीस एकदम करू’ म्हणणारा सुपरव्हायझर मनाने फार चांगला असतो आणि महिनाअखेरीस दुसऱ्या संस्थेत असतो. नोकरी सोडताना, मग ती तुम्ही सोडा की त्याने, अनुभवाचा फॉर्म निरोपाच्या केकच्या आधी भरून घ्यायचा. केकनंतर कुणाला कुणाचे तास आठवत नाहीत. जन्मभर दुसऱ्यांचे फॉर्म भरून देणाऱ्या या पेशात सर्वात जास्त घोडं स्वतःच्या फॉर्मवर अडतं.

परीक्षा एएसडब्ल्यूबी ही राज्यांच्या लायसन्स बोर्डांची संघटना घेते. क्लिनिकल पातळीच्या परीक्षेची फी 260 डॉलर. 2025 पर्यंत चालत आलेल्या साच्यात 170 प्रश्न आणि चार तास. प्रश्नामागे साधारण 85 सेकंद. त्यातले 20 प्रश्न गुणांत धरतच नाहीत, नुसते चाचणीला घातलेले असतात, आणि ते कोणते हे सांगत नाहीत. स्वाभाविकच, जो येत नाही तो त्या वीसातला असं समजून पुढे जायचं. प्रश्नाचा थाट असा: ‘समाजकार्यकर्त्याने सर्वप्रथम काय करावं?’ सगळेच पर्याय बरोबर वाटतात. आधी जीव सुरक्षित आहे का बघायचं, मग परिस्थिती समजून घ्यायची, उपाय नंतर. धोका दिसत असताना ‘भावना समजून घ्या’ निवडलं की गेलात. धोका नसताना थेट पोलिसांना फोन लावलात तरी गेलात. ‘सल्ला द्या’ हा पर्याय बहुतेक वेळा चुकीचाच असतो, आणि आपल्या लोकांचा घात तिथे होतो. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी सल्ला तयार ठेवण्याची पिढ्यानपिढ्यांची सवय 85 सेकंदांत कशी मोडणार? नापास झालात तर 90 दिवस थांबायचं आणि फी पुन्हा.

कॅलिफोर्नियात कायदा आणि नीतिमत्तेची वेगळी परीक्षा असते, ती असोसिएट झाल्यावर पहिल्याच वर्षी द्यायची. शिवाय बोटांचे ठसे. उलट इलिनॉयने 2022 पासून एलएसडब्ल्यू या पहिल्या पायरीची परीक्षाच काढून टाकली. राज्याराज्यांत एकच लायसन्स चालावं म्हणून करारही झालाय. 2023 मध्ये मिझुरीने सुरुवात केली, 2024 मध्ये कॅन्सस सातवं राज्य झालं आणि करार अस्तित्वात आला. म्हणून लगेच सामान बांधू नये. आपलं राज्य त्यात आहे का आणि लायसन्स प्रत्यक्ष देतात का, हे राज्याच्या लायसन्स बोर्डाकडे विचारूनच ट्रक बोलवावा.

लायसन्स हाती पडलं की लोक साप्ताहिक नोंदींची वही फेकायला निघतात. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांच्या नूतनीकरणाला 36 तासांचं शिक्षण लागतं, त्यात सहा तास कायदा आणि नीतिमत्तेचे. बोर्ड मधूनच कुणाचीही प्रमाणपत्रं तपासायला मागतं. वहीची उरलेली पानं तेवढ्याला पुरतात.