दुरून डोंगर आणि डोंगरात फेकलेल्या सीडी

आमच्या जपानी शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून येतोच. "जपानी माणूस गाणं फुकट ऐकत नाही. कलाकाराचा मान राखून तो आजही सीडी विकत घेतो. स्ट्रीमिंगला त्यांनी दारातही उभं केलं नाही. नाहीतर आपण!" खाली हात जोडलेले चार इमोजी. ते "नाहीतर आपण" इतकं गोड लागतं की बाकीचं तपासायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

"फुकट ऐकत नाही." 1980 साली टोकियोतल्या मिताकामध्ये एलपी भाड्याने देणारं दुकान निघालं आणि बघता बघता अशी दुकानं देशभर झाली. तबकडी न्यायची, घरी कॅसेटवर उतरवायची, परत करायची. कंपन्या कोर्टात गेल्या. शेवटी 1984 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि भाड्यातला वाटा हक्कदारांना मिळायची सोय झाली. पुढे सीडी आल्या, रीत तीच राहिली. मित्राकडून कॅसेट आणून आपण भरून घ्यायचो, तसंच हे. फक्त तिथे पावती मिळायची.

भाड्याने का? कारण नवा अल्बम साधारण 3,000 येनचा, आणि दुकानदार मनाने सूट देऊ शकत नाही. पुस्तकं, वृत्तपत्रं आणि तबकड्या यांची विक्रीची किंमत निर्मात्याने बांधून द्यावी, अशी मुभा तिथल्या कायद्यात 1953 पासून आहे. सीडीला ती लागू, डाउनलोडला नाही. कंपन्यांना सीडी इतकी वर्षं का प्रिय होती, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

"मान राखून." इथे मला हसू आवरत नाही. एकेबी48 या मुलींच्या गटाच्या सीडीत हस्तांदोलनाचं तिकीट असायचं आणि गटात पुढे कोण उभी राहणार, या निवडणुकीची मतपत्रिकासुद्धा. एका सीडीला एक मत. मग चाहते तीच सीडी शंभर-शंभर घ्यायचे. 2017 मध्ये फुकुओका प्रांतात एकाने अशा 585 सीडी डोंगरात नेऊन टाकल्या आणि बेकायदा कचरा टाकल्याबद्दल पोलिसांच्या तावडीत सापडला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते हेच असावेत.

"स्ट्रीमिंगला दारात उभं केलं नाही." उशीर झाला, हे खरं. ॲपल म्युझिक आणि लाइन म्युझिक 2015 मध्ये आले, स्पॉटिफाय 2016 मध्ये. पण मोबाइलवर गाण्याचे तुकडे विकत घ्यायची 'चाकु-उता' सेवा तिथे 2002 मध्येच सुरू झाली होती, आयट्यून्सचं दुकान उघडण्याआधी. म्हणजे अडचण तंत्राची किंवा संस्कृतीची नव्हती, हक्क धरून बसलेल्या कंपन्यांची होती. त्याही सैल झाल्या. 'आराशी'सारख्या मातब्बर गटाची गाणी 2019 मध्ये स्ट्रीमिंगवर आली. 2020 मध्ये योआसोबी या जोडीचं, सीडी न काढलेलं गाणं बिलबोर्ड जपानच्या लोकप्रिय गाण्यांच्या वार्षिक यादीत पहिलं आलं. 2023 मध्ये तिथे स्ट्रीमिंगची कमाई 100 अब्ज येनच्या पुढे गेली.

आता मजकुरात खरं काय, तेही सांगतो. 2023 मध्येही सीडी, रेकॉर्ड आणि व्हिडिओ डिस्क मिळून निम्म्याहून जास्त कमाई झाली. एवढ्या मोठ्या बाजारपेठेत हे विरळाच. पण सीडीचं काम बदललंय. सीडी बुधवारी निघायची, दुकानात मंगळवारीच पोचायची, म्हणजे सोमवार ते रविवारची विक्री मोजणाऱ्या ओरिकॉनच्या, म्हणजे तिथल्या खपाच्या क्रमवारीच्या, यादीसाठी जास्तीत जास्त दिवस हाती. 2015 मध्ये बऱ्याच देशांनी शुक्रवार धरला, जपानी सीडी बुधवारीच राहिल्या. आता मात्र अनेकदा गाणं मध्यरात्री फोनवर येतं आणि सीडी मागाहून, फोटोकार्डं आणि चार वेगवेगळी मुखपृष्ठं घेऊन. कधी येतच नाही. ऐकायला फोन, जपून ठेवायला सीडी.

तत्त्व म्हणून स्ट्रीमिंगला नाही म्हणणारा माणूसही आहे: गायक-संगीतकार तात्सुरो यामाशिता. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले त्याचे अल्बम 2023 मध्ये पुन्हा निघाले ते एलपी आणि कॅसेटवर. मजकुरात त्याचं एकट्याचं नाव असतं, तर मी इतकं टाइप केलं नसतं.