ओळखीचा विषय असला की मुली बोलतात

इंडोनेशियातल्या मदरशांमध्ये रोजा, जकात (म्हणजे इस्लाममधला सक्तीचा दानधर्म), ईद असे विषय घेऊन इंग्रजी शिकवतात, हे तुमच्या अंकातल्या लेखात वाचून फार बरं वाटलं. मी नागपूरला मोमिनपुऱ्यात उर्दू माध्यमाच्या मुलींना इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तरी आठवीतली पोरगी तोंड उघडत नाही. पण ‘इफ्तारची तयारी क्रमाने सांग’ म्हटलं की खजूर काढणं, शरबत ढवळणं, भजी तळणं, दस्तरखान अंथरणं... ‘फर्स्ट’, ‘देन’, ‘आफ्टर दॅट’ आपोआप येतं! ख्रिसमसचे धडे गाळावेत, हे लेखकाचं म्हणणं मात्र अजिबात पटलं नाही. इतरांच्या सणांबद्दलही बोलता यायला हवं. इथे दसऱ्याला दीक्षाभूमीवर एवढा जनसागर लोटतो, त्याबद्दलही माझ्या मुलींना इंग्रजीत विचारता आणि सांगता आलंच पाहिजे. आणि तोंडी परीक्षेचे गुण वाढवा, नाहीतर सगळी घोकंपट्टीच होणार.