सगळा माल स्पेनचाच? तारखा बघा!

सध्या एक दावा फार फिरतोय. इंग्रजी कादंबरीतले भामटे, खिसेकापू, चोरांचे अड्डे, सगळं स्पेनमधून उचललेलं. 1554 साली ‘लाझारिलो दे तोर्मेस’ हे एका नोकर पोराच्या लबाड्यांचं स्पॅनिश पुस्तक आलं, त्यावरून इंग्रज लेखक थॉमस नॅशने लिहिलं, पुढे डिफोने.

‘त्याआधी इंग्रजीत काही नव्हतं’ म्हणे. फाशांच्या जुगारातली लबाडी उघडी पाडणारी इंग्रजी पुस्तिका 1552ची, म्हणजे लाझारिलोच्याही आधीची. पुढच्या दशकात इंग्लंडातल्या केंटच्या थॉमस हार्मनने दारावर येणाऱ्या भिकाऱ्यांना खोदून खोदून विचारलं आणि त्यांचे प्रकार, त्यांची चोरबोली छापून टाकली. त्यातला एक बहाद्दर फेफऱ्याचा फेस दिसावा म्हणून तोंडात साबण धरतो! लाझारिलोच्या इंग्रजी भाषांतराची आज मिळणारी सर्वांत जुनी आवृत्ती 1586ची.

बरं, लाझारिलोत टोळी आहे कुठे? आंधळ्या मालकाच्या दारूच्या सुरईला पोरगं बुडाशी भोक पाडतं, मेणाने बुजवतं आणि शेकोटीच्या उबेने मेण वितळलं की खाली तोंड धरतं. ही पोटाची खटपट झाली, गुन्हेगारी नव्हे.

टोळी बघायची तर स्पॅनिश लेखक सेर्व्हान्तेसच्या 1613च्या कथासंग्रहातली ‘रिंकोनेते आणि कोर्तादिल्यो’ वाचा. सेव्हिलमध्ये मोनिपोदिओ नावाच्या म्होरक्याचं घर. कोणाच्या तोंडावर वार करायचा, सुपारीचे किती आले, किती बाकी, याची रीतसर वही. म्होरक्याला अक्षरओळख नाही, म्हणून नवा भरती झालेला पोरगा ती वाचून दाखवतो. चोरीतला वाटा देवाच्या दिव्याच्या तेलाला जातो, आणि शिपाईही घरचाच. काय लिहिलंय! पण जेम्स मॅबने 1640 साली या संग्रहातल्या सहा कथा इंग्रजीत आणल्या, त्यांत ही नाही. अड्डे इथूनच आले म्हणणाऱ्यांनी मधला दुवा दाखवावा.

नॅशने लाझारिलो वाचलंही असेल. पण त्याचा मित्र रॉबर्ट ग्रीन 1591-92मध्ये लंडनच्या ठकसेनांवर पुस्तिकांमागून पुस्तिका काढत होता. नॅशची कादंबरी 1594ची. शेजारचं सोडून थेट स्पेन गाठायची गरज काय?

प्रभाव नाहीच, असं मात्र नाही. माटेओ आलेमानच्या ‘गुस्मान’ या स्पॅनिश कादंबरीचं मॅबने केलेलं भाषांतर 1622मध्ये आलं. पस्तावलेला चोर स्वतःच आपली जन्मकथा सांगतो, हा साचा त्याने इंग्रजी वाचकांच्या चांगलाच ओळखीचा केला. शंभर वर्षांनी डिफोच्या कादंबरीची नायिका मोल फ्लँडर्सही तशीच बोलते. पण तिचा लंडनमधला न्यूगेट तुरुंग उसना नाही. 1703 साली डिफो स्वतः तिथे कोठडीत होता. आणि कादंबरीकार स्मॉलेटने 1748 साली आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ऋण मानलं ते लसाजचं. लसाजच्या कादंबरीतलं गाव स्पेनचं, लेखक फ्रेंच.