फुल लाइटनं धुकं फाटत नाही

थंडी पडली की फिरणारा एक मेसेज यंदा आमच्या काकांपर्यंत पोचला. काका रात्री बीडहून संभाजीनगरला भाजीचा टेम्पो नेतात, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेज म्हणतो: रस्त्याकडेला धुक्याचे सेन्सर बसवणं ही पैशाची नासाडी. मराठवाड्यात धुकं नसतंच, असलं तर हवामानाचं ॲप सांगतं, स्वस्त सेन्सर चुकतात, आणि फुल लाइट लावली की भागतं.

फुल लाइटचंच आधी, कारण हा सल्ला जीव घेईल. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. अप्पर मारला की उजेड थेंबांवरून उलटून ड्रायव्हरच्याच डोळ्यांत येतो, दिसत होतं तेही दिसेनासं होतं. धुक्यात डिपरच हवा. पण डिपरनंही वेळ वाढत नाही. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. 50 मीटरच दिसत असेल तर हातात जेमतेम सव्वादोन सेकंद, त्यातला निम्मा वेळ पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. आणि गळिताच्या दिवसांत पुढं बिनरिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली असते! इशारा धुक्यात शिरण्याआधी, किलोमीटरभर अलीकडेच मिळायला हवा.

मराठवाड्यात धुकं नसतं? हिवाळ्यात पहाटे शहागडला गोदावरीच्या पुलावर जाऊन बघा. ॲप जिल्ह्याचा अंदाज सांगतं. नदीकाठच्या खोलगटात साचलेलं धुकं त्याला दिसत नाही.

स्वस्त सेन्सर चुकतात, हे अर्धं खरं. नुसती आर्द्रता मोजणारा पावसातही ओरडेल, मग त्याला जोडलेल्या इशाऱ्याच्या पाटीकडं कुणी बघणार नाही. पण इन्फ्रारेड एलईडी आणि तिच्याशी कोन करून बसवलेला रिसीव्हर वेगळं काम करतो. हवा स्वच्छ असली तर रिसीव्हरवर प्रकाश जवळपास येतच नाही. थेंब असले तर विखरून येतो. पाचट जाळल्याच्या धुरावरही तो इशारा देईल, आणि द्यायलाच हवा. विमानतळावरची यंत्रं महाग, कारण तिथं दृश्यमानता मीटरमध्ये अचूक लागते. ड्रायव्हरला 'पुढं 200 मीटरपेक्षा कमी दिसतंय, वेग कमी करा' एवढं पुरतं.

अमेरिकेत टेनेसीमध्ये 1990 साली धुक्यात 99 गाड्या एकमेकींवर आदळून 12 माणसं गेली. नंतर तिथं धुक्याचे सेन्सर, इशाऱ्याच्या पाट्या आणि बदलती वेगमर्यादा आली. तिथल्या महामार्ग प्रशासनाच्या नोंदीप्रमाणे पुढं कित्येक वर्षांत धुक्याचा एकच अपघात झाला. ती यंत्रणा महाग होती. आज तेच तत्त्व स्वस्त सुट्या भागांत बसतं.

सुरुवात शहागडच्या पुलापासून करा, दोन्ही बाजूंनी. आणि सेन्सरच्या काचेवरची धूळ कोण पुसणार, ते टेंडरमध्येच लिहा.