निधी 100 टक्के संपला म्हणजे आरोग्य केंद्र चांगलं?

मार्च संपला की सातारा-सांगलीकडच्या ग्रुपवर असा मेसेज फिरतो: ‘ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राने निधी 100 टक्के खर्चला ते उत्तम. शिल्लक राहिली तर डॉक्टर कामचुकार. पेशंटमागे खर्च जास्त, तिथे पाणी मुरतंय.’ याच जोरावर ग्रामसभेत डॉक्टर-कर्मचाऱ्यांना फैलावर घेतलं जातं. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत.

100 टक्क्यांचं आधी बघू. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) मूळ निकषांत केंद्राला वर्षाला 1,75,000 रुपये धरलेत: रुग्ण कल्याण समितीचे (केंद्राच्या कारभारावर लक्ष ठेवणारी स्थानिक समिती) 1,00,000, देखभालीचे 50,000, अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेले) 25,000. फेब्रुवारीअखेर 40,000 गेले आणि मार्चमध्ये 1,35,000 उडवले, तरी कागदावर 100 टक्केच. प्रसूतिगृहाचं गळतं छत मार्चमध्ये दुरुस्त झालं, तर जुलैत बाळंत झालेल्या बाईला त्याचा काय उपयोग? घाईच्या खरेदीत खुर्च्या आणि रजिस्टरं येतात. लस ठेवायच्या फ्रीजचा स्टॅबिलायझर तसाच बिघडलेला राहतो. शिवाय खालच्या यंत्रणेला दिलेला अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, सर्रास खर्चात धरतात. अग्रिम म्हणजे खर्च नव्हे. बिल, व्हाउचर आणि साठा नोंदवही यांचा मेळ बसला, तरच तो खर्च.

शिल्लकीचं म्हणाल, तर एनएचएमसारख्या केंद्र पुरस्कृत योजनांना 2021 पासून सिंगल नोडल एजन्सीची पद्धत आहे. खालच्या खात्यात पैसा पडून राहत नाही, वरून खर्चाची मर्यादा मिळते. ती मर्यादा फेब्रुवारीत मिळाली असेल, तर उरलेल्या रकमेचा जाब एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कसा विचारणार? आधी मर्यादा मिळाल्याची तारीख बघा.

पेशंटमागचा खर्च तर रोकडवहीतून निघतच नाही. कायम कर्मचाऱ्यांचे पगार या निधीतून होत नाहीत, आणि बरीचशी औषधं जिल्ह्यातून वस्तुरूपात येतात. वहीत उरतं ते डिझेल, दुरुस्ती, किरकोळ खरेदी. समजा, कोयना खोऱ्यातून कराडला पेशंट न्यायला जाऊन-येऊन 100 किलोमीटर पडतात. गाडी लिटरला 10 किलोमीटर देत असेल तर 10 लिटर डिझेल. मिरजेजवळच्या केंद्राला 30 किलोमीटरांत 3 लिटर पुरतात. त्यात डोंगरी भागात निकषच 20,000 लोकसंख्येमागे एक केंद्र असा आहे, सपाटीला 30,000. पेशंट कमी, अंतर जास्त. तिथे आकडा फुगणारच. याला गैरव्यवहार म्हणणं अन्याय आहे. तुलना करायचीच तर डोंगरी पाटणची डोंगरी जावळीशी करा.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत टक्केवारी विचारू नका. प्रत्येक शीर्षाखाली (खर्चाच्या प्रकाराखाली) चार रकाने मागा: मंजूर रक्कम, मिळालेली मर्यादा, झालेला खर्च, थकलेली बिलं. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी नसतोच. मग 60,000 शिल्लक दिसतात आणि त्यातले 45,000 डिझेल-दुरुस्तीचे देणे निघतात. ही बैठक सप्टेंबरअखेर घ्या, कारण तेव्हा कमी पडणारं शीर्ष तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवायला सहा महिने हातात असतात.