गॅस हीटर लावून बिनधास्त झोपा सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

थंडी पडली की हा मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पोर्टेबल गॅस हीटर बंद खोलीत रात्रभर लावून बिनधास्त झोपता येतं, कारण ज्योत निळी असली की विषारी वायू होतच नाही, हीटरमध्ये सेन्सर असतो तो सगळं बघून घेतो, शेजारी पाण्याची वाटी ठेवली की उरलासुरला गॅस पाणी शोषून घेतं, खिडकी बोटभर उघडी असली की पुरे, गळती झालीच तर वास येतोच, आणि डोकं जड वाटलं तर उठून दार उघडायचं. खाली नेहमीचं "सर्वांना पाठवा".

मुळात घोळ एकच आहे, लिहिणाऱ्याने दोन वेगळे वायू एकच समजलेत. एक म्हणजे न जळलेला गॅस, सिलेंडरमधला एलपीजी, त्याला वास असतो, तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो आणि ठिणगी मिळाली की पेटतो. दुसरा कार्बन मोनॉक्साइड, जो गॅस अर्धवट जळताना तयार होतो, त्याला ना वास ना रंग, आणि हवेपेक्षा किंचित हलकाच असल्यामुळे तो खोलीभर मिसळून जातो. पहिल्यावरचे उपाय दुसऱ्याला लावले की असले मेसेज तयार होतात.

निळ्या ज्योतीचं घ्या. पिवळी, लवलवणारी ज्योत दिसली, काजळी धरायला लागली तर हीटर बंद करायचा हे बरोबरच आहे. पण त्याचं उलट खरं नाहीये. खोलीतला ऑक्सिजन कमी होत गेला की निळी दिसणारी ज्योतसुद्धा नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वाढायला लागतो, डोळ्याला काही फरक कळेलच असं नाही. शिवाय बऱ्याच हीटरमध्ये ज्योत दिसतच नाही, सिरॅमिकच्या जाळ्या लालभडक तापलेल्या असतात, मग निळं नक्की काय बघायचं? आणि झोपल्यावर ते बघणार कोण, हा प्रश्न मेसेजवाल्याला पडलेला नाही.

आता सेन्सर, कारण लोक सगळ्यात जास्त भरवसा यावरच ठेवतात. घरात वापरायच्या चांगल्या हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाल्यावर गॅस तोडणारी यंत्रणा असते हे खरंय. ती चालते कशी बघा, एक छोटी पायलट ज्योत एका थर्मोकपलला, म्हणजे तापला की थोडी वीज तयार करणाऱ्या आणि त्या विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याला, सतत तापवत असते, ऑक्सिजन साधारण १८ टक्क्यांच्या आसपास आला की ती ज्योत थर्मोकपलपासून सुटते, थर्मोकपल थंड पडतं आणि व्हॉल्व्ह बंद होतो. हुशार रचना आहे, पण यात कार्बन मोनॉक्साइड मोजणारं काहीही नाही. समजा बर्नरमध्ये धूळ, केस, कोळ्याची जाळी अडकलीत किंवा सिरॅमिकची प्लेट तडकलीय, तर खोलीत ऑक्सिजन भरपूर असतानासुद्धा कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, आणि पायलट मजेत जळत असते त्यामुळे सेन्सरच्या लेखी सगळं आलबेल.

थोडा हिशोबच करूया. ३ किलोवॉटचा हीटर तासाला साधारण पाव किलोच्या आत-बाहेर गॅस जाळतो, त्याला जवळपास ३ घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. दहा बाय दहाची नऊ फूट उंच खोली म्हणजे २५ घनमीटर. खोली खरंच हवाबंद असेल तर ऑक्सिजन २१ वरून १८ टक्क्यांवर यायला सव्वा तास पुरतो. खऱ्या खोलीत फटी असतात म्हणून जास्त वेळ लागतो, मान्य, पण थंडीत आपण करतो काय तर दाराखाली चादर कोंबतो आणि खिडकीच्या फटीत कागद घालतो. म्हणजे रात्रभर चालवायचं तर सेन्सर मध्येच हीटर बंद करणार, आणि मग कोणीतरी डोकेबाज "सारखा बंद पडतो" म्हणून तो सेन्सरच बायपास करतो. उंच डोंगराळ भागात विरळ हवेमुळे काही हीटर असेच बंद पडतात, तिथेही हाच उद्योग चालतो. कृपा करून करू नका. उघड्यावर वापरायच्या हीटरमध्ये, म्हणजे उंच खांबाचे किंवा थेट सिलेंडरच्या डोक्यावर बसवायचे, ही यंत्रणा बहुतेक वेळा नसतेच, ते घरात, तंबूत, गाडीत आणायचेच नाहीत.

पाण्याची वाटी. हा माझा आवडता मुद्दा आहे कारण यात अर्धं सत्यसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही, आजूबाजूला शुद्ध कार्बन मोनॉक्साइड भरलेला असला तरी खोलीच्या तापमानाला एक लिटर पाणी त्यातला वीस-पंचवीस मिलीच घेईल, आणि घातक ठरणाऱ्या खोलीत त्याचं प्रमाण हजारात एखादा भाग असतं, म्हणजे वाटीत जाणार काय तर काहीच नाही. यावर काही जण म्हणतात हवा कोरडी होऊ नये म्हणून ठेवतात. ते इलेक्ट्रिक हीटरला शोभतं. धुराडं नसलेला गॅस हीटर स्वतःच पाणी तयार करतो, एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर वाफ खोलीत येते, खिडक्यांच्या काचा ओल्याकच्च होतात त्या यामुळेच.

खिडकी बोटभर उघडी ठेवणं हे काहीच न उघडण्यापेक्षा बरं, पण "पुरे" कुठून आलं? किती मोठ्या खोलीत किती मोकळी जागा हवी हे त्या त्या हीटरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते वाचा. जळून तयार झालेली गरम हवा वर चढते, त्यामुळे वर एक आणि खाली एक अशी दोन तोंडं असली तर हवा खेळती राहते, नुसती खालची एक फट ठेवली तर वारा पडल्यावर ती असून नसल्यासारखीच. आणि कितीही खिडकी उघडी असली तरी झोपायच्या आधी हीटर बंद, बाथरूममध्ये तर लावायचाच नाही.

"वास येतोच की" हा मुद्दा गळतीपुरता अर्धा बरोबर. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, त्यात मुद्दाम एथिल मर्कॅप्टन मिसळतात म्हणून घाण वास येतो. पण नाक त्या वासाला थोड्या वेळात सरावतं, सर्दी असेल तर कळतच नाही, आणि झोपलेला माणूस वासाने जागा होईल याचा भरवसा नाही. त्यामुळे गळती शोधायची ती आधी, जोडतानाच. सिलेंडर उभाच ठेवायचा, आडवा केला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये जातो आणि द्रव प्रोपेन वायू होताना जवळपास २७० पट फुगतो, मग ज्योत किती भडकेल विचार करा. रेग्युलेटर हीटरच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाचाच हवा, नळीवरची तारीख बघायची, नळी वाकवून भेगा दिसतात का बघायचं, मग हीटरचं बटण बंद ठेवून सिलेंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडायचा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बंद करून जोड परत करायचा. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. पेटला नाही तर लगेच परत परत ठिणगी मारायची नाही, पाचेक मिनिटं थांबायचं, साचलेला गॅस निघून जाऊ द्यायचा. पडदे, अंथरूण, सोफा किमान एक मीटर लांब.

राहिलं ते "डोकं जड वाटलं तर उठा", आणि हेच सगळ्यात घातक आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग विचार सुचेनासा होतो आणि पायातलं बळ जातं, म्हणजे दार उघडायला जे लागतं तेच आधी संपतं. ८०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग असताना, पाऊण तासात चक्कर आणि दोन-तीन तासांत मृत्यू होऊ शकतो, झोपलेल्याला तर पहिली लक्षणं कळतही नाहीत. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखतंय, ताप नाहीये, बाहेर गेलं की बरं वाटतंय, तर हीटर बंद करून सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि डॉक्टरांना गॅस हीटर लावला होता हे स्पष्ट सांगायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून निवांत होऊ नका, साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. साध्या हवेत रक्तातलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण निम्मं व्हायलाच ४ ते ६ तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास, म्हणून "खिडकीत बसलो, आता बरंय" चालत नाही, हॉस्पिटलच गाठायचं.

मेसेजमध्ये अलार्मचं नावसुद्धा नाही, आणि खरं तर वस्तू तीच घ्यायला हवी. इथेही दोन वायूंचे दोन वेगळे अलार्म येतात. गळतीचा अलार्म जमिनीलगत बसवतात, कार्बन मोनॉक्साइडचा आपण बसतो किंवा झोपतो त्या श्वासाच्या उंचीला, हीटरपासून एक ते तीन मीटरवर. एक घेतला म्हणून दुसऱ्याचं काम होत नाही. आणि टेस्टचं बटण दाबल्यावर वाजला तर भोंगा आणि बॅटरी ठीक आहेत एवढंच कळतं, आतला सेन्सर संपलेला असू शकतो, त्याची मुदत मागच्या बाजूला छापलेली असते ती बघून घ्या.