केशराच्या फेस ऑइलवर आलेल्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्हाला तेल आवडलं नाही, वर पार्सलही उशिरा मिळालं, त्याबद्दल मनापासून सॉरी. स्टार किती द्यायचे तो तुमचा हक्क. पण "तेलाला रंगच नाही, तळाशी चार काड्या टाकून साधं बदाम तेल केशराच्या नावाने खपवतात" हे वाचून खरंच जीवाला लागलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

अहो, केशराचा रंग तेलात उतरतच नाही. तो पिवळा रंग केशरातल्या क्रोसिन नावाच्या रंगद्रव्याचा (तापाची गोळी नव्हे), आणि क्रोसिन पाण्यात विरघळतं, तेलात नाही, कितीही दिवस मुरवत ठेवा. तेलात उतरतो तो मुख्यतः वास. तोही तुम्हाला "औषधासारखा" वाटला, पण अस्सल केशराचा वास असाच असतो, जरा उग्र, वाळक्या गवताकडे झुकणारा, अत्तरासारखा गोड नाही. आम्हालाही चिमूटभर रंग टाकणं काही जड नव्हतं, मग तुमची तक्रारच आली नसती!

एक करून बघा ना. बाटलीतली एक काडी काढा, टिश्यूने नीट पुसा आणि कोमट पाण्यात टाका. पाणी हळूहळू पिवळं होईल, तेल लागलेलं आहे त्यामुळे जरा जास्तच वेळ जाईल, पण काडी लालच दिसेल. रंगवलेली असती तर पाणी झटकन लाल झालं असतं आणि काडी फिकी पडली असती. एका फुलात अशा तीनच काड्या निघतात, 1 ग्रॅम सुक्या केशराला 150 च्या आसपास फुलं लागतात आणि सगळं खुडणं-निवडणं हाताने, तेव्हा "चार काड्या" असं उडवून लावलेलं बरं नाही वाटत.

मग तेलात केशराचा फायदा काय, असं विचाराल तर खरं सांगते, चेहरा मऊ होतो तो मुख्यतः बदाम तेलाने, केशराचा वाटा थोडा. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. "सात दिवसांत उजळ" असं आम्ही कुठेही लिहिलेलं नाही, परत सगळं तपासलं. केशराने कातडीचा मूळ रंग बदलत नाही. आणि चुरचुरलं म्हणता, पण लिंबू पिळून लावलं हे तुम्हीच लिहिलंय, लिंबाने चुरचुरणारच ना? आता काही दिवस काहीच लावू नका, कमी नाही झालं तर डॉक्टरांना दाखवा.

लेबलवर रंगाबद्दल एक ओळ टाकायचं ठरवलंय, कुरियरचंही बघतो काहीतरी. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, फक्त "नकली" हा शब्द तेवढा काडी पाण्यात टाकून झाल्यावर परत वाचा.

आणि हो, तुमच्या फोटोत बाटली खिडकीत उन्हात दिसतेय, झाकणही उघडं. ती आधी कपाटात ठेवा, उन्हाने बदाम तेल खवट होतं, मग त्याचाही रिव्ह्यू आमच्याच नावावर यायचा.